डाव्या कानाची शिटी

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ही वेळ तिच्या लक्षात पक्की राहिली, कारण शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा न्यायला चार वाजता माणूस यायचा होता आणि ती बाहीगणिक मान वर करून घड्याळ बघत होती. तीन दहाला तिने शेवटच्या सदऱ्याची कॉलर सुईखाली सरकवली, शिलाई मशीनच्या मोटारीच्या पॅडलवर पाय दाबला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शेजारच्या काकू होत्या. घराची एक जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. काकूंचं तोंड हलत होतं, हातवारे चालले होते, पण आवाज मात्र विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. एक शब्द कळला, गोटी. ती तशीच उठून आतल्या खोलीत धावली.

गोटी म्हणजे तिची लेक. दात येऊ घातलेली, अजून रांगायलाही न लागलेली. पाळण्याच्या दोन गजांमध्ये पाय अडकवून ती आडवी पडली होती. चेहरा जांभळा झाला होता. रडणं संपून नुसता हुंदका उरला होता.

पाय सोडवला, लेकीला छातीशी धरलं, तेव्हा कुठे काकूंचं बोलणं तिला नीट कळलं. कारण आता काकू समोर उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ दिसत होते.

"अगं, केव्हाची टाहो फोडतेय पोर. मी आधीच आले असते, पण मधेच गप्प झाली. श्श श्श ऐकू आलं, म्हटलं तूच घेतलीस. मग पुन्हा सुरू झाली."

"मशीनचा आवाज असतो ना काकू."

"मला भिंतीपलीकडून ऐकू आलं गं," काकू म्हणाल्या, आणि तिच्याकडे अशा बघत राहिल्या, की यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

त्या श्श श्शकडे तिने तेव्हा लक्ष दिलं नाही. स्वतःची चूक गळ्याशी आलेली असताना माणूस बाकीचं कुठे ऐकतो.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि नणंद दारात हजर. सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायच्या. आल्या आल्या त्यांनी गोटीला मांडीवर घेतलं, सुनेकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलल्या आणि मग वळल्या.

"काय म्हणाले मी?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान खाली घातली.

"म्हणाले, गोटीला मी घेऊन जाते. तू हूं की चूं केलं नाहीस."

"तुम्ही हळू बोललात."

"बाळ काय भोंगा लावून रडतं?"

नणंद जरा मवाळ होती. "वहिनी, राग मानू नका. आधी कान दाखवा. तोवर गोटी आमच्याकडे राहील, तुमच्याच डोक्याचा ताण कमी."

"तिला माझ्याशिवाय झोप लागत नाही ताई."

"भूक लागली, पाय अडकला, घशात काही गेलं," सासूबाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "तेव्हा तिने काय करायचं? तुला चिठ्ठी लिहायची?"

खरं सांगायचं तर हाच प्रश्न ती कालपासून स्वतःला विचारत होती. बाळंतपणानंतर तिला कमी ऐकू यायला लागलं होतं, हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. नळ चालू राहायचा, कुकरची शिटी चुकायची, आणि ती म्हणायची, मशीनचा आवाज असतो ना.

शेवटी नवरा मध्ये पडला. तो कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस, घरात कमीच असायचा, आणि घरच्या भांडणात तर त्याहून कमी. तो म्हणाला, "आई, थोडं थांब. कान तपासून घेतो. यंत्र लागलं तर लावू. मग तूच ये आणि परीक्षा घे. नाही जमलं तर ने गोटीला."

तसं ठरलं. सातवीनंतर ती शाळेची पायरी चढली नव्हती. पुन्हा परीक्षेला बसावं लागेल, आणि नापास झालो तर पोर जाईल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी कानात बत्ती धरून पाहिलं आणि सांगितलं, की कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान हाडूक असतं, काही बायकांचं ते बाळंतपणानंतर ताठरत जातं. तुमच्या डाव्या कानात जास्त आहे. मग त्यांनी तिला कानाच्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडमची जागा एका लांब बोळाच्या टोकाला होती. बोळात दिवे होते, तरी अंधार वाटायचा. त्यांच्या खोलीत आणखी एक खोली होती, फ्रीजसारख्या जाड दाराची. आत काळा स्पंज लावलेल्या भिंती, एक खुर्ची, एक काच आणि बरेच दिवस न उघडलेल्या ट्रंकेसारखा वास. मॅडमनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं.

"कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं. पण आला तरच. अंदाज नको."

दार लागलं, आणि तिने कधी अनुभवली नव्हती अशी शांतता तिच्यावर येऊन बसली. स्वतःचा श्वास, गिळलेली थुंकी, छातीतले ठोके. उजव्या कानात पीप पीप सुरू झालं, ती बटण दाबत गेली. मग डाव्या कानाची पाळी. काचेपलीकडे मॅडम खाली मान घालून काही लिहीत होत्या. आणि डाव्या कानात, अगदी जवळ...

श्श... श्श...

तिने बटण दाबलं. पुन्हा आलं. पुन्हा दाबलं. मॅडमनी मान वर केली, भुवया आक्रसल्या आणि येऊन दार उघडलं.

"उगाच का दाबताय? डाव्या कानात मी अजून आवाज सोडलेलाच नाही."

"कुणीतरी श्श करतंय... बाळाला गप्प करताना करतात तसं."

मॅडम समजुतीने हसल्या. "ज्या कानाला बाहेरून कमी मिळतं, तो कान स्वतःच आवाज काढत बसतो. कुणाला घंटा ऐकू येते, कुणाला पाणी. रिकाम्या घरात उंदीर नाचतात तसं समजा. घाबरू नका."

तिला ते पटलं. बाहेर बाकावर नवरा गोटीला घेऊन बसला होता. "आत्ता जोरात सुरू झाली होती," तो कौतुकाने म्हणाला. "बाटली काढेपर्यंत आपोआप गप्प. गुणाची आहे हं."

तिच्या पायाखालची फरशी क्षणभर थंडगार झाली. पण मॅडम बोलावत होत्या, आणि ती आत गेली.

मॅडमनी सोनाराने दागिने मांडावेत तशी मखमलीवर यंत्रं मांडली. एक शेंगदाण्याएवढं, कानाच्या भोकात बसणारं. एक कानामागे अडकवायचं, नळीवालं. नवऱ्याला लहान आवडलं. "केसांत कळणारसुद्धा नाही."

"लपवायचंय की ऐकायचंय?" मॅडमनी विचारलं. "यांचा डावा कान बराच गेलाय. लहान यंत्राला तेवढा जोर नसतो."

"मला माझी मुलगी ऐकू आली पाहिजे," ती म्हणाली. "मग डोक्यावर शिंगं दिसली तरी चालतील."

कानामागचं ठरलं. मॅडमनी तिच्या कानांत गार लगदा भरून माप घेतलं. त्या मापाचे साचे बनून येईपर्यंत सवय व्हावी म्हणून त्यांनी आपल्याकडची वापरातली एक जोडी दिली. सेल कसा घालायचा, आंघोळीला काढून कसं ठेवायचं, सगळं दाखवलं. आणि निघताना म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. यंत्राच्या अगदी जवळ काही आलं, की ते शिटी मारतं. हात, उशी, शाल, दुसऱ्याचं डोकं. बघा हात नेऊन."

तिने डाव्या कानाजवळ तळहात नेला. कुईंऽऽ. हात काढला, बंद.

"हा बिघाड नाही. जवळचं दूर झालं की थांबतं. साचा सैल असेल तरी वाजतं, पण तुमच्या मापाचा साचा आला की तोही प्रश्न नाही. मग शिटी वाजली, तर समजायचं कानाशी काहीतरी आलंय."

घरी आली आणि तिला वाटलं, आपण इतके दिवस कापसाच्या गोणीत राहत होतो. चपलेचा फटक फटक आवाज येत होता. नळ ठिबकत होता. कात्री कापडातून जाताना करकरत होती. आणि गोटी. गोटी दूध पिताना घशात टक टक करायची, झोपेत लहानसा सुस्कारा सोडायची. तो सुस्कारा ऐकून ती मोरीत जाऊन रडून आली. गोटीला उचलून गालाला गाल लावला की यंत्र कुईं करायचं आणि गोटी खिदळायची. मग दोघींचा खेळच झाला. डोकं जवळ, कुईं. डोकं लांब, गप्प.

असेच काही दिवस बरे गेले.

मग एका दुपारी ती बाह्या जोडत बसली होती. पाळणा आता तिने मशीनशेजारीच ओढून घेतला होता. गोटी झोपली होती. बाहेर ऊन होतं, जिन्यात चिटपाखरू नव्हतं. तिने धागा तोडायला मशीन थांबवलं, आणि डाव्या कानात शिटी वाजली.

तिने हात वर नेला. केस घट्ट बांधलेले होते. खांद्यावर काही नव्हतं. मागे भिंत होती, तीही हात लांब करूनसुद्धा लागली नसती. शिटी एकदम थांबली नाही. बारीक झाली, पुन्हा वाढली, आणि हळूहळू विरत गेली. कुणी कानाशी वाकून बघावं, थोडं थांबावं, आणि सरळ व्हावं, तशी. मागे राहिला तो उतू गेलेल्या दुधाचा आणि ओल्या फडक्याचा वास. गॅसवर त्या वेळी काहीच नव्हतं.

गोटी चुळबुळली. रडण्याचा पहिला सूर लागला. ती उठणार, तेवढ्यात पाळण्याच्या पलीकडच्या बाजूने आलं...

श्श... श्श...

गोटी गप्प झाली. तिचे डोळे उघडे होते. ती पाळण्याच्या पलीकडे, थोडं वर बघत होती, जिथे फक्त भिंतीवरचा खिळा होता.

तिने गोटीला उचललं आणि ती जिन्यात जाऊन उभी राहिली. नवरा येईपर्यंत ती तिथेच होती. नवऱ्याला म्हणाली, दार लागून गेलं, किल्ली आत राहिली, आणि काकूही घरी नव्हत्या.

मॅडमकडून नव्या साच्यांसाठी बोलावणं आलं, तेव्हा तिने विचारलं, "ही वापरातली जोडी माझ्याआधी कुणाकडे होती?"

"दोघीतिघींकडे. का?"

"त्या... आहेत ना?"

"आहेत म्हणजे काय, चांगल्या ठणठणीत आहेत. एक तर रोज फोन करून माझा कान खाते." मॅडमनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "झोप होतेय ना नीट?"

ती हो म्हणाली. मॅडमनी तिच्यासमोर नवंकोरं खोकं फोडलं, नवी जोडी काढली, तिच्या मापाचे साचे बसवले, हलवून बघितले. "आता वारासुद्धा जायचा नाही." तिचा जीव भांड्यात पडला. जुनी जोडी मॅडमच्या खणात गेली, आणि तिच्याबरोबर जे काय होतं तेही गेलं, अशी तिने मनाची समजूत घातली.

नव्या जोडीने दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दुपारी ती कपडे वाळत घालत होती, दोन्ही हात वर, तोंडात चिमटा. डाव्या कानाने शिटी मारली.

म्हणजे ते यंत्राबरोबर आलेलं नव्हतं. तिच्या तोंडातला चिमटा खाली पडला. ते आधीपासून घरातच होतं. काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं तेव्हा होतं. तिच्या खांद्याशी, तिच्या लेकीच्या पाळण्याशी, ती मान खाली घालून गणवेश शिवत होती तेव्हाही होतं. तिला फक्त आता ऐकू यायला लागलं होतं.

कुणाला सांगायचं? काहीच ऐकू येत नाही अशा बाईकडून पोर नेणार होते. नाही ते ऐकू येतं म्हणणाऱ्या बाईकडे ते पोर ठेवतील का? ती दातांवर दात ठेवून परीक्षेच्या दिवसाची वाट बघत राहिली.

त्या दिवशी सासूबाई जेवणानंतर आल्या. बरोबर नणंद. सासूबाईंनी आधी यंत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. "टेलिफोनच्या तारेसारखं दिसतंय. मला नाही बाई असलं कधी लागायचं."

"आई, तुझा टीव्ही आमच्या चौकातल्या लोकांना ऐकू येतो," नणंद म्हणाली.

"ते लोक रिकामटेकडे आहेत म्हणून."

मग त्यांनी परीक्षा मांडली. सुनेने स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून बसायचं. सासूबाई तिच्या समोर. गोटी आतल्या खोलीत पाळण्यात, दार लोटलेलं, नणंद तिच्याजवळ. गोटी केव्हा तरी रडेलच. रडली की हात वर करायचा.

"ओठ बघून फसवायला तिथे कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या.

दोघी समोरासमोर बसल्या. फ्रीज घुंघुं करत होता. दुपार पुढे सरकत नव्हती. बटण नाही, नुसता हात, पण तेच ते, आला तरच, अंदाज नको. बराच वेळ गेला. सासूबाईंची मान एकदा डुलली, पुन्हा सावरली.

आणि तिने ऐकलं. अगदी बारीक, नाकातून आलेलं कुणकुणणं. तिने हात वर केला.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "कुठे रडतेय?"

तिने हात खाली घेतला नाही. कुणकुण वाढली, तिचं रडणं झालं, आणि मग सासूबाईंनाही ते ऐकू आलं. त्यांचा चेहरा बदलला. पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे जरा आदराने बघितलं.

"खरंच की. माझ्याआधी ऐकलंस."

आत श्श... श्श... झालं आणि रडणं थांबलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "आत्याचा हात लागला की कशी गप्प होते."

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. चपला काढल्याचा आवाज आला आणि नणंद आत आली, हातात दुधाची पिशवी. "गोटी गाढ झोपली होती, म्हटलं तोवर पाय न वाजवता खालून दूध आणावं चहाला." दोघींच्या चेहऱ्यांकडे बघून ती थबकली. "काय झालं? उठली का?"

स्वयंपाकघरात उतू गेलेल्या दुधाचा वास पसरला. पिशवी अजून नणंदेच्या हातात होती, न फोडलेली.

आणि तिच्या डाव्या कानात शिटी वाजली. ती शिटी बाहेरच्यांनाही ऐकू येते.

"ते... काय वाजतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"यंत्राजवळ काही आलं की वाजतं."

"तुझ्याजवळ कुठे काय आहे..."

ती मान न वळवता बसून राहिली. सासूबाई मात्र तिच्या डाव्या खांद्याच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या, आणि त्यांचे हात मांडीत एकमेकांना घट्ट धरून होते. शिटी विरली तेव्हा त्या लहान पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "पास झालीस तू. राहू दे गोटी तुझ्याकडे."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी ती जीव टाकत होती, ते हे वाक्य. आणि तिच्या तोंडून निघालं, "नको. घेऊन जा तिला. आत्ताच न्या."

आतल्या खोलीत गोटी हसत पडली होती. तिने लेकीला अंगभर चाचपलं, कपड्यांची पिशवी भरली आणि तिघींना रिक्षात बसवून आली. रिक्षा वळणाआड गेली तेव्हा गोटीचं रडणं कितीतरी लांबून तिला ऐकू येत होतं. यंत्र फार चांगलं होतं.

त्या संध्याकाळी शिटी वाजली नाही. रात्री नाही, सकाळी नाही. ती रिकाम्या पाळण्याशेजारी बसून वाट बघत राहिली, की वाजू दे, माझ्याच कानाशी वाजू दे. घर कापसासारखं गप्प होतं. दुपारी तिला राहवेना. तिने नणंदेला फोन लावला.

"काय गुणी पोर आहे वहिनी," नणंद म्हणाली. "सुरू होते आणि आपोआप गप्प. कालपासून कुणाला उचलावंही लागलं नाही."

तिने विचारलं, "ताई, आत्ता तिच्याजवळ कोण आहे?"

"आई असेल ना. आत करतेय बघा श्श श्श, इथपर्यंत येतंय ऐकू."

फोनमधून तिलाही येत होतं.

मग पलीकडे फोनची ओढाओढ झाली, आणि सासूबाईंचा आवाज आला, अगदी जवळून. "मी इथे बाहेरच आहे. हिच्या शेजारी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सूनबाई, येऊन घेऊन जा गं तिला. आम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तुला निदान आधी ऐकू येतं."

ती त्याच पावली गेली आणि लेकीला घेऊन आली.

आता गोटी तिच्याकडेच आहे. मॅडम म्हणतात, रात्री यंत्र काढा, कानालाही विश्रांती लागते. ती काढत नाही. शिटी वाजली की हातातलं काम टाकते आणि श्श यायच्या आत पाळण्याशी पोचते. कधी ती आधी पोचते, कधी नाही. पोचली की गोटीला उचलून म्हणते, रड बाळा, मोठ्याने रड. गोटी गळा काढून रडते आणि तिला बरं वाटतं. काकू म्हणतात, हल्ली फार रडकी झालीय गं, आधी किती गुणी होती. सासूबाई दर आठवड्याला येतात, उजव्या बाजूला बसतात, आणि गोटी रडली की त्याही गप्प करत नाहीत.

परवाची गोष्ट. गोटी तिच्या मांडीवर होती, तिच्याकडे तोंड करून. डावा कान कुईं करायला लागला, पूर्वीपेक्षा जोरात, पूर्वीपेक्षा जवळून. ती गोटीला घट्ट धरून बसली. गोटीने तिच्या डाव्या खांद्याच्या वर बघितलं. मग आपलं इवलंसं बोट उचलून ओठांवर ठेवलं, जे तिला घरात कुणी कधी शिकवलेलं नाही, आणि म्हणाली, "श्श."

शिटी थांबली. तेव्हापासून ती वाजलेली नाही, आणि गोटी रडलेली नाही.

म्हणून एवढंच करा. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ फार गुणी असेल, सुरू होतं आणि आपोआप गप्प बसतं असं त्याची आई कौतुकाने सांगत असेल, तर तिचं कौतुक मोडू नका. पण तिला म्हणा, एक दुपार मशीन बंद कर, नळ बंद कर, आणि पाळण्याजवळ कान देऊन बस. तिला काही ऐकू आलं नाही तर चांगलंच आहे. आलं, तर तिनेही हे पुढच्या आईला सांगावं.